दुध्याचं उद्यापन

परवा सुनेनं मला वाढदिवसाला एक पुस्तक आणून दिलं. गच्चीवरच्या बागेचं. गुळगुळीत कागद, पानोपानी टोमॅटोचे फोटो, आणि ते टोमॅटो असे की जणू त्यांना पावडर लावून बसवलंय. पहिल्याच पानावर लिहिलंय, ‘बागकाम हा मनाला शांतता देणारा छंद आहे.’ मी पुस्तक मिटलं. माझी शांतता तिथंच गेली. सून म्हणाली, “आई, वाचायच्या आधीच तोंड वाकडं?” तिला काय सांगू? माझ्या कपाटात असल्या पुस्तकांचा एक अख्खा कप्पा आहे, स्वयंपाकाची निम्मी, बागेची निम्मी. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं, बाईंना हौस आहे. हौस कसली डोंबलाची! शिक्षिकेची नोकरी संपली, वर्गातली पोरं गेली, आता रागवायला कुणीतरी हवं की नको? मी ही पुस्तकं रागवायला आणते.

स्वयंपाकाच्या पुस्तकातला ‘चवीनुसार’ हा शब्द मला बघवत नाही. कुणाच्या चवीनुसार? आणि ‘वरून ओलं खोबरं, कोथिंबीर भुरभुरावी’ हे वाक्य लिहिणाऱ्याला तर एकदा मार्गशीर्षात आमच्या गावच्या उघड्या माळावर कोथिंबीर शोधायला पाठवावं. ‘घरात सहज उपलब्ध असणारं साहित्य’ असं जिथं लिहिलेलं असतं तिथं मी पेन्सिलीनं ‘कुणाच्या?’ असं लिहून ठेवते. बागेच्या पुस्तकांचं तर विचारूच नका. माती कशी मिसळावी, कुंडीला भोक कुठं पाडावं, झाडाशी गोड कसं बोलावं, सगळं असतं. पाणी कुठून आणायचं ते एकानंही लिहिलेलं नाही. नळ गृहीत धरलेला असतो. नळ गृहीत धरणारी माणसं पुस्तकं लिहितात आणि बाकीच्यांनी ती वाचायची, असा हा कारभार आहे. इतका राग बरा नाही हे मलाही कळतं. पण तो कुठून आला ते एकदा लिहून टाकते.

आमचं गाव पाथर्डीच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला निघायचं, राहात्याकडं नाहीतर श्रीगोंद्याकडं. तिथं माणसं मोजायची रीत न्यारी. एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम तोंड वाकडं करून बघायचा. त्यामुळं पोरगा वयात आला की त्याला कोयता पुरा करायला बायको बघायची, आणि पोरगी वयात आली की ती कुणाच्या तरी कोयत्याचं निम्मं व्हायची. मी सातवी पास होऊन दोन वर्षं घरी बसले होते. गावात पुढं शाळा नव्हती. दादा, म्हणजे माझे वडील, धाकट्या चुलत्याला जोडीला घेऊन तोडीला गेले ते जाताना आईला सांगून गेले, की आपल्याच टोळीतल्या एका पोराचा कोयता अर्धा आहे, गुढीपाडव्यानंतर परतलो की इमलचं उरकून टाकू. इमल म्हणजे मी, विमल. मला त्या पोराचं नावही कुणी सांगितलं नव्हतं. मला पुढं शिकायचं होतं, आणि ते मी म्हटलं की आई भाकरी थापताना मान वर न करता म्हणायची, “शिक की. कुटं शिकतीस? उसाच्या फडात?”

ते मोठ्या दुष्काळाचं वर्ष. विहिरी तळाला गेलेल्या, शेरडं सोडली तर गोठे रिकामे. गावाबाहेर पाझर तलावाचं सरकारी काम निघालं होतं. आई, मी आणि आत्या तिथं खडी फोडायला जायचो. आजही कुठं रस्त्याचं काम निघालं आणि दगडावर हातोडा बसला की माझे डोळे आपोआप बारीक होतात, कपची उडेल म्हणून. दुपारी सुट्टीत फडक्यात बांधलेली भाकरी सोडायची. रेशनवर तांबडी मिलो मिळायची, परदेशातली ज्वारी. तिच्या पिठाला चिकटाई नाही, भाकरी तव्यावर टाकेपर्यंत तीन तुकडे. आई त्या तुकड्यांना शिव्या घालत घालत ते परत जोडायची. सोबत हुलग्याचं माडगं, म्हणजे हुलग्याचं पीठ लावून केलेलं पातळ कढाण, त्यात मीठ आणि असलाच तर लसूण. पोरांना सुकडी, म्हणजे गोड सरकारी पीठ, मिळायची, तिचा वास मला अजून येतो.

आत्या दादांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला तशी सासरच्यांनी तिला हुसकलं, ती आमच्याकडं आली. येताना पदराच्या गाठीत दुध्या भोपळ्याच्या बिया तेवढ्या घेऊन आली. सासरच्या परड्यातला तो दुध्या, बुटका आणि गोड. “वाटणी दिली न्हाई, बी तरी आनलं,” असं ती म्हणायची. दर साली पहिला धरलेला दुध्या ती बियासाठी राखायची, त्याच्या देठाला तांबडी चिंधी बांधायची, आणि त्या दुध्याला कुणी बोट लावलं तर अख्खी आळी गोळा व्हायची. आत्या काही गरीब गाय नव्हती. तिचं तोंड सुटलं की कुत्री वाट बदलायची. आदल्या साली वेल जळला, दुध्या धरलाच नाही, आणि गाडग्यात राखेत ठेवलेलं जुनं बी चिमूटभर उरलं होतं.

दिवाळी झाली आणि कामावर एक जीप आली. जीपमधून एक बाई उतरल्या. नगरच्या कुणा मोठ्या अधिकाऱ्याच्या पत्नी, काळा चष्मा, वॉयलची साडी, अंगाला वासाच्या पावडरीचा दरवळ. त्यांनी एक पुस्तिका लिहिली होती, ‘टंचाईतही टवटवीत’. अर्धी पाककृतींची, अर्धी परसबागेची. कारकुनानं सगळ्या बाया गोळा केल्या. बाईंनी विचारलं, “तुमच्यात वाचता कुणाला येतं?” बायांनी मला पुढं ढकललं. मी एक पान खणखणीत वाचून दाखवलं. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, “रोज दुपारी या सगळ्यांना वाचून दाखवायचं. मी गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येईन. यांना फायदा झालेला दिसला, तर तुला नगरला मुलींच्या वसतिगृहात घालते. मी त्या कमिटीवरच आहे.” जीप गेली. धुरळा खाली बसायच्या आत आत्यानं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, “इमे, आता ही पोथी चुकायची न्हाई.”

आणि पोथीच झाली ती. आमच्या बायकांसमोर आजवर कुणी मोठ्यानं वाचलं असेल तर पोथीच. दुसरं काही कागदावर छापून मोठ्यानं वाचतात हेच त्यांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी खडीच्या ढिगावर बसले तर बाया पदर डोक्यावर घेऊन, हात जोडून समोर बसल्या. एकीनं पुस्तिकेला कुंकू लावलं. मी वाचायला लागले, ‘मिलो कटलेट. साहित्य: दोन वाट्या मिलोचे पीठ, दोन मध्यम बटाटे, अर्धी वाटी मटार, आले-मिरची, तळण्यासाठी तेल, चवीपुरती साखर.’ तळण्यासाठी तेल! आमच्या घरात तेलाची बाटली औषधासारखी वर टांगलेली. आई तेवढी मागं बसून पुटपुटली, “हिला कुनी घरात जेवाया वाढतं का न्हाई? भुकेच्या पोटी बरळल्यावानी लिवलंय.” बाया पदराआड हसल्या. आत्यानं वळून असं बघितलं की सगळ्या गप्प झाल्या. “पोथीत हसू न्हाई,” ती म्हणाली.

असं रोज चाललं. ‘पौष्टिक मिलो सूप’, ‘मिलोचा केक’, केकाला अंडी चार. लोण्याचा डबा नसल्यास साजूक तूप चालेल म्हणे. मी वाचत जायची आणि माझ्या पोटात वाचता वाचता आग पडायची. पण वाचायची खणखणीत, कारण नगरची जागा त्या आवाजावर टांगलेली होती. एक दिवस पुस्तिका संपली तेव्हा आत्यानं विचारलं, “आन फळ काय सांगितलंय?” पोथी म्हटली की शेवटी फळ हवंच, हे वाचल्यानं काय मिळेल ते. मी शेवटचं पान काढलं. तिथं खरंच होतं, ‘या पुस्तिकेप्रमाणे वागल्यास घरात आरोग्य व समृद्धी नांदेल.’ आत्यानं दोन्ही हात कपाळाला लावले. “बघ पारबते,” ती आईला म्हणाली, “सांगितलंय का न्हाई? आता ह्यातलं येक तरी जसंच्या तसं कराया पायजे. कसूर झाली तर फळ न्हाई.” आई म्हणाली, “वन्सं, तेल कुटलं? अंडी कुटली?” आत्या म्हणाली, “सैपाकाचं न्हाई जमायचं. येलाचं जमंल.”

परसबागेच्या भागात दुधीवर एक पान होतं. ‘घराच्या भिंतीलगत आळे करून बी लावावे. सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी द्यावे. स्वयंपाकघरातील व न्हाणीतील सांडपाणीही चालेल.’ सांडपाणी! आमच्याकडं पाणी सांडत नव्हतंच. टँकर यायचा, विहिरीत ओतायचा, मग घागरींची झोंबाझोंबी. भांडी राखेनं घासायची, धुवायची नाहीत. आंघोळ आठवड्याला, आणि तिचं पाणी परातीत धरून शेरडीला. आत्यानं ते उरलेलं चिमूटभर बी सगळं लावलं. दोन वेल उगवले, एक राहिला. आणि सकाळ-संध्याकाळचा तांब्या तिनं स्वतःच्या प्यायच्या वाटणीतला घातला. पोथीत सकाळ-संध्याकाळ म्हटलंय, म्हणून सकाळ-संध्याकाळ. एक खाडा नाही. आई भांडायची, “वन्सं, आशानं मरचाल. येलाला येक येळ घाला.” आत्या ओठावरून जीभ फिरवून म्हणायची, “पोरीची नगरची जागा हाय त्यात. तुला काय कळतंय?” तिचे ओठ फुटले होते. खडी फोडताना ती बोलायची बंद झाली, कारण बोललं की घसा कोरडा पडतो. आमच्या आत्याचं तोंड बंद झालं होतं, एवढं सांगितलं की गावाकडच्या माणसाला सगळं कळेल. मी माझ्यातलं पाणी तिला दिलं तर ती ते उचलून आळ्यात ओतायची. मी चिडून एकदा म्हणाले, “आत्या, ती पोथी न्हाई गं, साधं सैपाकाचं पुस्तक हाय.” ती म्हणाली, “तुला वाचाया येतं, आईकाया येत न्हाई.”

वेल मात्र वाढला. भिंतीवरून छपरावर गेला. सगळ्या गावात हिरवं म्हणून तेवढंच. बायाबापड्या येऊन बघून जायच्या. सुरुवातीची फुलं गळाली, मग एक दुध्या धरला. एकच. आत्यानं त्याच्या देठाला तांबडी चिंधी बांधली. तो वाढला, फुगला, मग रंग टाकून पांढुरका पडायला लागला, नख लावलं तर रुतेना. आतलं बी धरलं होतं. अजून थोडे दिवस वेलावर वाळला की झालं. “पाऊस पडला की सगळ्या आळीला बी दीन,” असं आत्या खुणेनंच सांगायची.

पाडवा झाला आणि जीप आली. सोबत फोटोवालाही होता. जीप येणार हे आधी कळलं होतं, त्यामुळं बायांनी तयारी केली होती. तयारी म्हणजे काय, जे रोज खातो तेच केलं आणि त्याला पुस्तकातली नावं दिली. हुलग्याचं माडगं झालं ‘पौष्टिक सूप’. भाकरीचे तुकडे मीठ-मिरचीत कुस्करले, ते झालं ‘कटलेट’. ही सगळी आईची करामत. बाईंनी माडग्याचा एक घोट घेतला आणि डोळे मिटले. “वा! माझ्या रेसिपीपेक्षाही छान. पाहा, मनात आणलं तर सगळं होतं!” आई नम्रपणे म्हणाली, “व्हय बाईसाहेब, तुमच्या पुस्तकातच हाय.” पुस्तकात हुलग्याचा ह पण नव्हता. स्वतःचं पुस्तक त्या बाईनं तरी नीट वाचलं होतं का, असा माझा आजही प्रश्न आहे.

मग बाई परसबाग बघायला आमच्या घरी आल्या. वेल बघून त्यांनी टाळ्याच वाजवल्या. “अय्या, केवढा दुधी! हा मला हवाच. नगरला मीटिंगमध्ये दाखवते, माझ्या पुस्तकानं काय केलं ते. ड्रायव्हर, तो काढून घ्या.” आईचं तोंड उघडलं. तो बियाचा आहे, एवढंच तिला म्हणायचं होतं. आत्यानं तिच्या हाताला असं धरलं की आईच्या बांगड्या मनगटात रुतल्या. ड्रायव्हरला बाजूला सारून आत्या स्वतः विळा घेऊन शिडीवर चढली. तिनं चिंधीसकट देठ कापला, दुध्या पदरात घेऊन उतरली. आत्या विधवा, तिनं हळदकुंकू लावायचं नाही, म्हणून तिनं आईला दुध्याला हळदकुंकवाचं बोट लावायला सांगितलं, आणि मग तो बाईंच्या हातात दिला. वाकून नमस्कारही केला. फोटोवाल्यानं फोटो काढला. बाई दुध्या कडेवर घेऊन उभ्या राहिल्या होत्या. जाताना त्यांनी कारकुनाला माझं नाव लिहून घ्यायला सांगितलं.

जीप गेल्यावर आत्यानं हंड्यात तांब्या बुडवला आणि पाणी घटाघटा प्यायली. दुसरा तांब्या भरला, तोही प्यायली. मी रडत होते. दुध्यासाठी रडत होते की जागा मिळाली म्हणून, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आता कळून काय करायचंय? आत्या म्हणाली, “रडायला काय झालं गं? पोथीचं उद्यापन झालं. दान दिल्याबिगर फळ हाय व्हय? आन बाई शानी हाय, बी धरंल. नगरात समद्यांना वाटंल.” वेलाला पाणी घालायचं तिनं त्याच संध्याकाळी सोडलं. छपरावर त्याची वाळकी जाळी बरेच दिवस तशीच पडून होती.

दादा परत आले तेव्हा वसतिगृहाचा निरोप येऊन पडला होता. सरकारी बाईंचा शब्द म्हटल्यावर त्यांनी लग्नाचा विषय सोडून दिला. त्या पोराचा कोयता दुसऱ्या कुणीतरी पुरा केला. तुम्ही म्हणाल, मग रडतेस कशाला, त्या बाईमुळंच तर शिकलीस. शिकले. उपकार मी विसरलेले नाही. उपकार उपकाराच्या जागी आणि पुस्तक पुस्तकाच्या जागी. एकाचं माप दुसऱ्याला लावणारी मी नाही.

वसतिगृहात एक कपाट होतं पुस्तकांचं. दिवाळीच्या थोडं आधी त्यात नवं पुस्तक आलं. ‘टंचाईतही टवटवीत’, दुसरी सुधारित आवृत्ती. पहिल्याच पानावर बाईंचा फोटो, कडेवर दुध्या. देठाची चिंधीसुद्धा दिसत होती. खाली छापलं होतं, ‘पुस्तिकेच्या मार्गदर्शनाने दुष्काळी भागात बहरलेली परसबाग.’ फोटोच्या कडेला एक काकण नसलेला हात आला होता, तो अर्ध्यात कापला होता. मी दुधीचं पान उघडलं. ‘दुधीचा हलवा’ असा नवा पदार्थ होता आणि त्याखाली एक टीप. ती टीप वाचून मी पुस्तक ट्रंकेत घातलं आणि न विचारता सुट्टीला घरी घेऊन आले.

त्या साली पाऊस झाला होता. रानात बाजरी उभी होती, घरोघरी परड्यात वेल चढले होते. आमची भिंत तेवढी उघडी. आत्याचं तोंड पुन्हा सुरू झालं होतं, मी अंगणात पाऊल टाकायच्या आत तिनं शेजारणीला दोन शिव्या हासडून झाल्या होत्या. माझ्या हातात पुस्तक बघून ती हरखली. “नवी पोथी? बाईची? वाच की. दुध्याचं काय लिवलंय? बी किती निगालं?” आईनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला कळलं. “आसू दे वन्सं, पोरगी दमून आलीया,” ती म्हणाली. पण आत्या पदर डोक्यावर घेऊन, हात जोडून समोर बसली होती. आणि मला राग आला होता, इतका, की तो एकटीनं गिळवेना. मी वाचलं, तेव्हासारखंच खणखणीत.

‘हलव्यासाठी दुधी कोवळा निवडावा. जून, बी धरलेला मोठा दुधी आम्ही एकदा चिरून पाहिला. तो स्वयंपाकास अगदी निरुपयोगी निघाला. असा दुधी बियांसकट टाकून द्यावा.’

आत्याचे हात जोडलेलेच राहिले. आई चुलीकडं तोंड करून बसली. मला वाटलं आत्या रडेल, नाहीतर त्या बाईच्या सात पिढ्या उद्धरेल. तिनं त्यातलं काहीच केलं नाही. पुस्तक माझ्या हातातून घेतलं, उलटं धरून फोटोतल्या दुध्यावरून अंगठा फिरवला, आणि अगदी साधं, काही न समजल्यावर पोर विचारतं तसं मला विचारलं,

“समदं टाकून देती, तर मंग ही बाई पुढल्या साली काय लावती गं?”

मी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळलं. ते त्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं.